युद्धातली जुनी शस्त्रं घरात सापडली, किंवा जमवायची आहेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (मराठवाडा)

वाडे पाडले जातात, माळवदं उकरली जातात, नांगराच्या फाळाला लोखंडी गोळा लागतो, आणि मग प्रश्न येतात. तेच तेच प्रश्न एकत्र केले आहेत. घरात काही सापडलं असेल तर प्रश्न 3 आधी वाचा, बाकीचं नंतर.

1. मराठवाड्यात युद्धात हाती लागलेली शस्त्रं आली कुठून?

वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या वाटांनी. किल्ल्यावरची तोफ जिंकणाऱ्यानं ओढून नेणं हा जुना रिवाज होता. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ 1549 साली अहमदनगरला ओतली गेली, पुढे परंड्याच्या किल्ल्यावर होती, आणि 1632 मध्ये आदिलशाहीच्या मुरार पंडितानं ती विजापूरला नेली. जालना जिल्ह्यातल्या असईला 23 सप्टेंबर 1803 रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांच्या फौजेच्या जवळपास शंभर तोफा घेतल्या. तिथल्या शिवारात आजही गोळे निघतात.

घरातल्या वस्तू मात्र बहुतेक विसाव्या शतकातल्या असतात. पहिल्या महायुद्धात निजामाचे हैदराबाद लान्सर्स पॅलेस्टाईनच्या आघाडीवर तुर्कांविरुद्ध होते. दुसऱ्या महायुद्धात इथली माणसं ब्रह्मदेश, आफ्रिका आणि इटलीपर्यंत गेली. शेवटची लाट 13 ते 17 सप्टेंबर 1948 च्या पोलीस ॲक्शनची. नळदुर्गकडून फौजा आत शिरल्या, आणि रझाकारांची व संस्थानी फौजेची बरीच हत्यारं जप्त झाली, टाकली गेली, पुरली गेली. घरात सापडणाऱ्या ठासणीच्या बंदुका (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या) मोठ्या संख्येनं याच काळात लपवलेल्या असतात. म्हणजे ‘युद्धातून आणलेली’ म्हणून सांगितली जाणारी वस्तू कित्येकदा गावातलीच असते.

2. रणांगणावर शत्रूची बंदूक आजोबांच्या हाती लागली, तर ती त्यांचीच झाली ना?

नाही. शत्रूराष्ट्राचं लष्करी सामान जिंकणाऱ्या सरकारच्या मालकीचं होतं, सैनिकाच्या नाही. 1907 च्या हेग नियमांपासून हे असंच चालत आलं आहे. 1949 च्या तिसऱ्या जिनिव्हा करारातलं कलम 18 सांगतं की युद्धकैद्याच्या वैयक्तिक वस्तू त्याच्याकडेच राहतात. शस्त्रं, घोडे, लष्करी साहित्य आणि लष्करी कागद तेवढे काढून घेता येतात. हेल्मेट आणि गॅस मास्कसुद्धा कैद्याकडेच राहू द्यायचे असतात.

म्हणून युद्धचिन्हं पलटणीच्या मेसमध्ये, छावणीच्या दारात किंवा संग्रहालयात दिसतात. 1965 च्या युद्धातले पॅटन रणगाडे देशभर असेच मांडले आहेत. मराठवाड्याला जवळचं ठिकाण म्हणजे अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय. बीड-आष्टीहून एका दिवसात जाऊन येता येतं.

‘आजोबांनी मिळवली’ ही गोष्ट घराण्याच्या अभिमानाची खरी, पण ती परवान्याची जागा घेत नाही. परवान्याचं प्रश्न 7 मध्ये.

3. घर पाडताना भिंतीत किंवा पेवात बंदूक सापडली. आता काय करू?

क्रमानं सांगतो.

वस्तू जिथं आहे तिथंच राहू द्या. गवंडी आणि मजूर लगेच उचलून बघतात, नळी डोळ्याला लावतात. पहिलं काम त्यांना थांबवणं. नळी जिकडे रोखलेली आहे त्या बाजूला कुणी उभं राहू नये. घोडा मागे ओढून बघायचा नाही, चाप दाबायचा नाही, ‘जाम झालाय’ म्हणून हातोडा मारायचा नाही.

मग चार फोटो: जागेसकट लांबून, दोन्ही बाजूंनी, आणि हात न लावता दिसतील तेवढ्या खुणांचे. फोटो व्हॉट्सॲपच्या गावगटात टाकू नका. सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. संध्याकाळपर्यंत ‘अमक्याच्या घरी हत्यारं सापडली’ अशी बातमी होते आणि तुम्ही कळवण्याआधी पोलीस दारात येतात.

त्याच दिवशी पोलीस ठाण्याला फोन करा, किंवा 112 लावा, आणि त्यांना घरी बोलवा. बंदूक पिशवीत घालून एसटीनं ठाण्यावर नेऊ नका. वाटेत झडती झाली तर तुम्ही ती ‘बाळगत’ होता, एवढंच कागदावर येतं. ठाण्यात लेखी अर्ज द्या: कधी, कुठे, कोणाच्या समोर सापडली, घर कधी बांधलेलं, कोणाच्या नावावर. स्टेशन डायरीतला नोंद क्रमांक, पंचनाम्याची प्रत आणि ताबा पावती मागून घ्या. पावतीवर वर्णन नीट हवं. ‘जुनी बंदूक एक नग’ असं लिहून घेऊ नका. नळीची लांबी, खुणा, क्रमांक, दस्त्याची अवस्था लिहायला सांगा. पुढे वस्तू परत मागायची असो की संग्रहालयाला द्यायची असो, तीच पावती कामी येते.

4. ठासणीच्या बंदुकीत बार (दारू आणि गोळी) भरलेला आहे का, हे कसं कळतं?

भरलेला आहे असंच धरून चाला. पिकं राखायला, दरोड्याच्या भीतीनं लोक बंदूक भरूनच टांगत, आणि लपवतानाही तशीच लपवली जाई.

जाणकार माणूस हे असं तपासतो. लाकडी गज, लोखंडी कधीच नाही, नळीच्या तोंडातून हलके हलके तळापर्यंत सोडायचा आणि तोंडाशी पेन्सिलीनं खूण करायची. मग तोच गज नळीच्या बाहेरून, खूण तोंडाशी ठेवून, आडवा धरायचा. टोक कान्याच्या भोकापर्यंत (नळीच्या बुडाशी दारू पेटवायचं भोक) पोचलं तर नळी रिकामी. बोट-दोन बोटं किंवा जास्त अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे: बार, नाहीतर माती, नाहीतर गांधीलमाशीचं घर. हे करताना तोंडासमोर डोकं किंवा तळहात येता कामा नये.

काळी दारू शंभर वर्षांनीही मरत नाही. ओली झाली तर तेवढ्यापुरती निकामी होते, वाळली की पुन्हा पेटते. त्यामुळे ‘इतक्या पावसाळ्यांत बाद झाली असेल’ हा हिशेब चुकीचा आहे. भरलेली नळी गरम करणं, ड्रिल लावणं, वेल्डिंगवाल्याकडे नेणं हे जिवावरचे खेळ आहेत. बार काढायचं काम बॉम्ब शोधक व नाशक पथकाचं किंवा परवानाधारक शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याचं.

5. शेतात लोखंडी गोळा सापडला. भरीव की पोकळ?

भरीव गोळा म्हणजे नुसतं लोखंड. पोकळ गोळ्यात दारू असते, आणि ती अजूनही जिवंत असू शकते. फरक वजनानं आणि भोकानं कळतो. सहा पौंडी भरीव गोळा साधारण 9 सेंटिमीटर व्यासाचा आणि पावणेतीन किलोचा. बारा पौंडी साधारण सव्वाअकरा सेंटिमीटरचा आणि साडेपाच किलोच्या आसपास. त्याच मापाचा गोळा अंदाजे एक तृतीयांश हलका भरला, किंवा त्यावर वातीचं गोल भोक अगर बुजवलेली जागा दिसली, तर तो पोकळ. मात्र गंजाच्या थरांखाली भोक झाकलं जातं, आणि गंजून भरीव गोळ्याचंही वजन घटतं. म्हणून शंका असेल तर वजन करायलाही उचलू नका. प्रश्न 3 प्रमाणे कळवा.

आणखी एक. जमिनीत पुरलेली मौल्यवान वस्तू सापडली तर 1878 च्या निखात निधी कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. संरक्षित किल्ल्यात मेटल डिटेक्टर घेऊन उकरणं हा तर सरळ गुन्हा आहे. परंडा, औसा, उदगीर, कंधारला हे करू नका.

6. हातबॉम्बसारखं दिसणारं काहीतरी विहिरीच्या गाळात निघालं.

हात लावू नका, पाण्यात परत टाकू नका, वाळू टाकून झाकू नका. माणसं आणि जनावरं लांब न्या आणि 112 लावा. जुन्या काही स्फोटकांत पिक्रिक ॲसिड असतं. ते धातूशी मिळून असे स्फटिक बनवतं की नुसत्या घासण्यानं उडतात. या वस्तू जमवण्याच्या यादीत येतच नाहीत.

7. कोणत्या शस्त्राला परवाना लागतो आणि कोणतं मिळतच नाही?

1959 चा शस्त्र कायदा आणि 2016 चे शस्त्र नियम यांत शस्त्रांचे वर्ग पाडले आहेत. थोडक्यात असं:

स्वयंचलित शस्त्रं, म्हणजे स्टेनगन, मशीनगन आणि 1971 मध्ये हाती लागलेल्या पाकिस्तानी बनावटीच्या ऑटोमॅटिक रायफली, प्रतिबंधित आहेत. लष्करी काडतूस चालणारी शस्त्रंही सामान्य परवान्यात बसत नाहीत: .303 आणि 7.62 मिमी रायफल, पोलिसांची .410 मस्केट, .380, .455 आणि लष्करी 9 मिमी चालवणारी पिस्तुलं-रिव्हॉल्व्हर. युद्धातून आलेल्या बहुतेक वस्तू नेमक्या याच गटात पडतात, आणि या छंदाची खरी अडचण हीच आहे.

बारा बोअर, .22 आणि इतर शिकारी बोअर साध्या परवान्यावर मिळतात. ठासणीच्या बंदुकीला पीक संरक्षणासाठी परवाना देण्याची तरतूद कायद्यातच आहे. ऐतिहासिक आणि दुर्मीळ शस्त्रांचा वर्ग वेगळा आहे, त्याबद्दल प्रश्न 9. तलवार-संगिनीसाठी प्रश्न 11.

परवाना छत्रपती संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्त देतात, इतर जिल्ह्यांत जिल्हाधिकारी. अर्ज फॉर्म ए-1 मध्ये. परवाना पाच वर्षांचा असतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. आधी ही मर्यादा तीन होती.

8. पार गंजलेली आहे, घोडा हलत नाही. तरी परवाना?

शस्त्र कायद्याच्या कलम 45 मध्ये जुन्या धाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोलाच्या किंवा मोडक्या शस्त्राला सूट आहे, पण अट नीट वाचा: दुरुस्ती करून किंवा न करता, कशीही ती बंदूक म्हणून वापरता येता कामा नये. ‘दुरुस्ती करून’ या दोन शब्दांवर बहुतेक लोक आपटतात. अडकलेला घोडा तेल टाकून सुटतो, मोडलेली स्प्रिंग नवी बसते. अशी बंदूक सुटीत बसत नाही. नळी फाटलेली, बुडाकडून सडलेली, ठिसूळ झालेली असेल तर बसू शकते. ते तुम्ही ठरवायचं नाही. शस्त्र तपासनीसाचा लेखी अभिप्राय घ्यायचा आणि कागद शस्त्राबरोबर ठेवायचा.

9. 2020 नंतर जुन्या शस्त्रांना परवाना लागत नाही असं ऐकलं. खरं आहे?

अर्धं खरं. फेब्रुवारी 2020 मध्ये शस्त्र नियमांत बदल झाला. ‘क्युरिओ’, म्हणजे ऐतिहासिक आणि दुर्मीळ, वर्गातली लहान शस्त्रं मिळवायला आणि घरात ठेवायला भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. पण वापरायला, जवळ बाळगून फिरायला किंवा एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायला परवाना लागतोच, आणि परवान्यावर नोंद असल्याशिवाय त्याचं काडतूस मिळत नाही.

जुनी म्हणजे क्युरिओ, असं मात्र नाही. 1942 ची .303 वयानं आजोबांची असली तरी आजही लष्करी काडतूस चालवते, त्यामुळे प्रश्न 7 मधली अडचण उभी राहते. आधी परवाना अधिकाऱ्याकडून वर्ग लेखी ठरवून घ्या, मग पैसे मोजा. विकणारा ‘क्युरिओ आहे, काही लागत नाही’ म्हणतो ते त्याच्या फायद्याचं असतं.

10. वडिलांचा परवाना होता, ते वारले. बंदूक कपाटात आहे.

परवाना माणसाबरोबर संपतो. बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. तेराव्यापर्यंत थांबण्याचं काही कारण नाही. घरातला दुसरा माणूस जाऊन करू शकतो. मग मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि इतर वारसांचं ना-हरकत जोडून वारसानं स्वतःच्या नावानं अर्ज करायचा. हयातीतही सोय आहे: परवानाधारक 70 वर्षांचा झाला, किंवा बंदूक 25 वर्षं त्याच्याकडे असेल, तर वारसाला देण्यासाठी अर्ज करता येतो.

भावाभावांत वाटणीचा वाद असेल तर बंदूक जमाच राहू द्या. अर्धा परवाना अशी चीज नसते.

11. दसऱ्याला पुजायची तलवार आणि जपानी संगीन, यांना काय नियम?

9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्र नियमांच्या पाचव्या वर्गात येतात. शेतीची आणि घरगुती अवजारं त्यातून वगळली आहेत. 1907 नमुन्याच्या ब्रिटिश संगिनीचं पातं 17 इंचांचं, जपानी तीस नमुन्याचं 40 सेंटिमीटरचं, म्हणजे दोन्ही आत आली. परवान्याची सक्ती शस्त्र कायद्याच्या कलम 4 प्रमाणे अधिसूचित भागात लागू होते. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली सणासुदीला आणि निवडणुकीत मनाई आदेश निघतात. तेव्हा हत्यार घेऊन रस्त्यावर आलात की गुन्हा. देवघरात पूजा एक गोष्ट, मिरवणुकीत तलवार उपसून रील काढणं दुसरी. गुन्हे दुसऱ्यामुळेच दाखल होतात.

12. ‘घरात आहे हे माहीतच नव्हतं’ असं सांगून सुटतो का?

1972 च्या गुणवंतलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ताबा ‘जाणीवपूर्वक’ असायला हवा हे मांडलं आहे. त्यामुळे भिंतीत चिणलेली बंदूक आणि गादीखालची बंदूक एकाच मापानं मोजली जात नाहीत. पण सापडल्यानंतर महिनाभर ठेवून घेतली तर ‘माहीत नव्हतं’ संपलं. विनापरवाना बंदुकीला 2 ते 5 वर्षं, प्रतिबंधित शस्त्राला 7 ते 14 वर्षं कैद आहे. लग्नात हवेत बार काढणाऱ्यासाठी वेगळी शिक्षा 2019 मध्ये आली: 2 वर्षांपर्यंत कैद, किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

13. कोणत्या देशाची आहे हे खुणांवरून कसं ओळखायचं?

सापडलेली वस्तू जमा करण्याआधी काढलेले फोटो इथं उपयोगी पडतात. कुठं बघायचं ते असं:

लीएनफिल्ड .303: बोल्टच्या (नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाच्या) दांड्याखाली, उजव्या बाजूच्या धातूच्या पट्ट्यावर मुकुट, इशापूरचं नाव आणि साल. रुंद बाणाची खूण म्हणजे सरकारी माल. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर ती सरकारनं रीतसर विकलेली. तिला युद्धातली लूट म्हणू नये.

जपानी अरिसाका: नळीच्या बुडाशी 16 पाकळ्यांचं शेवंतीचं फूल, जपानी सम्राटाची खूण. अडतीस नमुना 6.5 मिमीचा, नव्व्याण्णव नमुना 7.7 चा. फूल घासून काढलेलं असेल तर ती बहुधा 1945 च्या शरणागतीत जमा झालेली. फूल शाबूत असेल तर लढाईत हाती लागल्याची शक्यता जास्त. हा एकच पुरावा पुरेसा नाही, पण बघण्यासारखा आहे.

तुर्की माउझर: चंद्रकोर किंवा सुलतानाची मोहोर, साल जुन्या अरबी आकड्यांत, कॅलिबर 7.65. आपल्याकडे इथं हमखास गल्लत होते. निजामाच्या राज्याची भाषा उर्दू होती, त्यामुळे इथल्याच हत्यारावरही फार्सी लिपी असते. अक्षरं दिसली की तुर्की ठरवू नका; उर्दू वाचणाऱ्या जुन्या माणसाला फोटो दाखवा.

इटालियन बेरेटा 1934 पिस्तूल: सालाशेजारी रोमन आकडे, 1922 पासून मोजलेलं फॅसिस्ट राजवटीचं वर्ष.

जपानी तलवारीची मूठ काढली तर आतल्या शेपटाचा गंज साफ करू नका. पात्याचं वय त्या गंजाच्या रंगावरून ठरतं. चकचकीत केलं की किंमत आणि पुरावा दोन्ही गेलं.

14. घरातली कथा खरी आहे का, हे कसं तपासायचं?

शस्त्र आणि आघाडी जुळते का बघा. आजोबा फक्त ब्रह्मदेशात होते आणि घरात इटालियन पिस्तूल असेल तर ते दुसऱ्या कुणाकडून आलं. सेवापुस्तिका, पदकांच्या कडेवर कोरलेला क्रमांक आणि पलटण, पेन्शनचे कागद काढा. पलटण कळली की ती कोणत्या साली कुठं लढली हे पलटणीच्या इतिहासात सापडतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा.

घरातल्या वृद्धांचं म्हणणं त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करा, तारीख सांगून. कागद नसलेली रायफल म्हणजे लोखंड आणि लाकूड. हेच कागद वस्तूशिवायही मोलाचे असतात, आणि त्यांना परवाना लागत नाही.

15. गंज काढू कसा? चिंच चालेल?

चिंच, लिंबू, पितांबरी, सँडपेपर यांतलं काहीच नाही. आम्लानं खुणा उडतात, जोहरदार (लहरींच्या पोलादाच्या) पात्याची नक्षी जाते, कोफ्तगिरीची (लोखंडावर ठोकून बसवलेल्या नक्षीची) चांदी सुटते. काळपट-तपकिरी, हाताला न लागणारा थर राहू द्या. लाल भुकटी सुटणारा गंज तेवढा काढायचा: शिलाई मशीनचं पातळ तेल लावून दिवसभर ठेवा, मग सर्वांत बारीक स्टील वूलनं एकाच दिशेनं हलकं घासा. कोरड्या कापडानं पुसा आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. खोबरेल तेल लावू नका. ते खवट होतं आणि धूळ धरतं.

पूजेनंतर नेमकी हीच चूक होते. मुठीच्या खाचेत ओलं हळद-कुंकू, पात्यावर नारळाचं पाणी, आणि तशीच म्यानात. दिवाळीपर्यंत कुंकवाच्या ठिपक्याखाली खड्डा पडलेला असतो. गंध कागदाच्या पट्टीवर लावा आणि पट्टी मुठीला बांधा. पातं चामडी म्यानात कायमचं ठेवू नका, चामडं कमावताना वापरलेलं द्रव्य लोखंड खातं.

आपल्याकडचा उन्हाळा दस्त्याला तडा देतो. पत्र्याखालच्या खोलीत, माळ्यावर ठेवू नका. सिलिका जेलची पुडी ठेवून पावसाळ्यात महिन्याला बदला किंवा तापवून घ्या. हाताचा घाम लागतो म्हणून सुती हातमोजे घाला.

16. नळीत वेल्डिंग करून बंदूक ‘बंद’ केली तर परवान्यातून सुटका?

आपण होऊन केली तर नाही. निकामी झाली की नाही हे अधिकारी ठरवतात (प्रश्न 8). शिवाय खुणा आणि मोल दोन्ही जातं, आणि भरलेली असली तर प्रश्न 4. नळी कापून आखूड करणं हा तर स्वतंत्र गुन्हा आहे.

17. विकता येईल का? बाहेरदेशी गिऱ्हाईक आहे.

परवान्याच्या बंदुकीची विक्री परवानाधारकालाच, अधिकाऱ्याला कळवून. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते. खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि तिचा धंदा करायला पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो. कुरिअरवाला ‘शोपीस’ लिहून पाठवतो म्हणाला, तर पकडल्यावर नाव पाठवणाऱ्याचंच येतं.

18. संग्रहालयाला द्यायची आहे. कोण घेतं?

छत्रपती संभाजीनगरच्या महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालयात जुनी हत्यारं मांडलेली आहेत. विद्यापीठाच्या इतिहास संग्रहालयालाही विचारता येतं. आधी फोटो आणि कागद पाठवा, वस्तू घेऊन दारात उभे राहू नका; वाहतुकीचा प्रश्न आहे (प्रश्न 9). पोलीस ठाण्यात जमा असलेली वस्तू वर्षानुवर्षं मुद्देमालात पडून राहते आणि शेवटी नष्ट केली जाऊ शकते, म्हणून जमा करतानाच अर्जात ‘ऐतिहासिक मोलाची, संग्रहालयास देण्यास संमती’ असं लिहा आणि त्याची प्रत जिल्हाधिकारी व पुरातत्त्व खात्याला द्या. दानपत्रात घराण्याचं नाव, गाव आणि प्रश्न 14 मधली माहिती फलकावर यावी अशी अट घालता येते.

19. परवान्याच्या भानगडीत न पडता काय जमवता येईल?

बरंच. हेल्मेट, पाण्याच्या बाटल्या, कमरपट्टे, दुर्बिणी, होकायंत्रं, नकाशे, पदकं, पत्रं, रेशनचे डबे, बंदुकीची दारू ठेवायची शिंगडी (रिकामी, धुतलेली). बंदुकीचे किरकोळ सुटे भाग, दुसऱ्या भागांशी जोडून वापरायचा हेतू नसेल तर, कलम 45 मधून सुटतात. पण बोल्ट, नळी आणि रिसीव्हर (बोल्ट आणि चाप बसवलेला मुख्य सांगाडा) हे किरकोळ नाहीत. रिकाम्या पुंगळ्या घेताना मागची टोपी ठोकलेली आहे ना हे बघा. टोपीवर खड्डा नसेल तर ते काडतूस जिवंत धरा, गोळी काढलेली असली तरी.